हिरवा बल्ब, जांभळा बल्ब: कॅरिओटाइप आणि विषाणूंची पीसीआर, सॅम्पलपासून रिपोर्टपर्यंत

क्रोमोसोमची (गुणसूत्रांची) तपासणी, म्हणजे कॅरिओटाइप, करायची तर पेशी जिवंत लागते. ती प्रयोगशाळेत वाढली, विभागली, तरच क्रोमोसोम दिसतात. विषाणूच्या पीसीआरला, म्हणजे त्याच्या डीएनए-आरएनएच्या असंख्य प्रती बनवून तो शोधणाऱ्या तपासणीला, पेशीच्या जगण्या-मरण्याशी देणंघेणं नाही. तिथे डीएनए किंवा आरएनएचा धागा शाबूत राहिला म्हणजे झालं. बल्बचं, म्हणजे रक्त घ्यायच्या छोट्या नळीचं, झाकण कोणत्या रंगाचं, सॅम्पल टेबलावर ठेवायचं की फ्रिजमध्ये, रिपोर्टला दहा दिवस लागणार की एक, हे सगळं या एका फरकावर ठरतं. दोन्ही तपासण्यांना लोक सरसकट ‘जेनेटिक टेस्ट’ म्हणतात आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. डीएमएलटी (प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) करून नुकतेच प्रयोगशाळेत लागलेले तंत्रज्ञ आणि या तपासण्या लिहून देणारे डॉक्टर डोळ्यांसमोर ठेवून पुढचं लिहिलं आहे. ज्यांच्या घरात अशी तपासणी चालू आहे त्यांनाही ते समजावं.

आधी प्रश्न ठरवा

बाळाचे स्नायू ढिले आहेत, डोळ्यांची ठेवण तिरपी आहे, तळहातावर एकच आडवी रेघ आहे: कॅरिओटाइप. दोन किंवा अधिक गर्भपात झाले आहेत: नवरा आणि बायको दोघांचाही कॅरिओटाइप. नुसत्या बाईचा करून थांबू नका, संतुलित स्थानांतर (क्रोमोसोमच्या तुकड्यांची नुसती अदलाबदल) पुरुषाकडूनही येतं. मुलीची उंची कमी आहे आणि पाळी सुरू झालेली नाही, तर टर्नर सिंड्रोम म्हणजे ४५,एक्स शोधायचा. वीर्यात शुक्राणूच नाहीत, तर क्लाइनफेल्टर म्हणजे ४७,एक्सएक्सवाय.

मूल मतिमंद आहे, दोन-तीन अवयवांत जन्मजात व्यंग आहे, पण चेहऱ्यावरून कोणताही ओळखीचा सिंड्रोम सुचत नाही, अशा वेळी आधी मायक्रोअ‍ॅरे (क्रोमोसोमचे कमी-जास्त झालेले बारीक तुकडे शोधणारी तपासणी) करावा. कॅरिओटाइपला साधारण ५० लाख ते १ कोटी बेसपेक्षा लहान तुकडा गेला-आला तर कळत नाही. मायक्रोअ‍ॅरे लाखभर बेसचा तुकडाही पकडतो. मात्र तुकड्यांची नुसती अदलाबदल झाली असेल, कमी-जास्त काहीच झालेलं नसेल, तर मायक्रोअ‍ॅरेला ती दिसत नाही. म्हणूनच वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यासाठी जुना कॅरिओटाइपच कामाचा. थॅलेसेमिया, सिकलसेल हे एका जनुकातल्या बिघाडाचे आजार आहेत. त्यात कॅरिओटाइप नॉर्मलच येणार, आणि त्या ‘नॉर्मल’ शब्दाने घरच्यांची दिशाभूल होणार.

विषाणूंच्या बाबतीत प्रश्न वेगळा: विषाणू आत्ता अंगात आहे का, की तो येऊन गेल्याची खूण तेवढी उरली आहे? हिपॅटायटिस सीची अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार चालू आहे असं होत नाही. आरएनए सापडला तरच उपचार. एचआयव्ही असलेल्या आईच्या बाळात आईच्या अँटीबॉडी १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. त्यामुळे साधी रॅपिड टेस्ट तिथे निरुपयोगी ठरते आणि ६ आठवड्यांच्या बाळाची टाच टोचून कागदावर घेतलेल्या रक्ताच्या ठिपक्यांवर पीसीआर करावी लागते. डेंग्यूमध्ये तापाचे पहिले पाच दिवस पीसीआर आणि एनएस१ (विषाणूचं प्रथिन) चे, त्यानंतर आयजीएम अँटीबॉडीचे. सातव्या दिवशी केलेली पीसीआर निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असा निष्कर्ष काढणं चूक आहे.

बल्ब

कॅरिओटाइपसाठी सोडियम हेपॅरिनचा हिरव्या झाकणाचा बल्ब. मोठ्या माणसाचं ३ ते ५ मिली रक्त, नवजात बाळाचं १ ते २ मिली. भरल्यावर बल्ब ८ ते १० वेळा हलक्या हाताने उलटा-सुलटा करायचा. झटकायचा नाही. गाठ झाली की लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) त्या जाळ्यात अडकतात आणि कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत लावलेली पेशींची वाढ, होत नाही. हिरव्या झाकणात लिथियम हेपॅरिनही मिळतं. ते बायोकेमिस्ट्रीचं, पेशींच्या वाढीला नको. रंगावर भरवसा ठेवू नका, लेबल वाचा.

हे रक्त २० ते २५ अंशांना ठेवायचं आणि शक्यतो २४ तासांत लावायचं. ४८ तासांनंतर यशाची शक्यता झपाट्याने घसरते. उशीर होणारच असेल तर ४ अंशांना ठेवा, पण गोठवू नका. गोठलेली पेशी फुटते आणि मग हातात काही उरत नाही. मे महिन्यात नंदुरबारहून किंवा गडचिरोलीहून सॅम्पल पुण्या-नागपूरला पाठवताना थर्माकोलच्या डब्यात कूल पॅक ठेवा, पण बल्ब आणि पॅकच्या मधे जाड कागद किंवा कापसाचा थर हवा. बर्फाला टेकलेला बल्ब आणि गाडीच्या डिकीत ४५ अंशांत तापलेला बल्ब, दोन्ही सारखेच वाया जातात.

पीसीआरसाठी ईडीटीएचा जांभळा बल्ब. इथे हेपॅरिन चालत नाही, कारण ते प्रती बनवणाऱ्या पॉलिमरेज एन्झाइमला अडवतं आणि कधी कधी एक्स्ट्रॅक्शनमधूनही (नमुन्यातून डीएनए-आरएनए वेगळा काढतानाही) पूर्ण निघत नाही. उलट ईडीटीए कॅल्शियम बांधून टाकतं, म्हणून त्यातलं रक्त कल्चरला चालत नाही. एकाच सुईने दोन्ही बल्ब भरायचे असतील तर आधी हिरवा, मग जांभळा.

व्हायरल लोडसाठी, म्हणजे रक्तातला विषाणू मोजण्यासाठी, प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना द्रव) लवकर वेगळा करा. बहुतेक किट २४ तासांची मुभा देतात, पण ६ तासांत केलं तर निश्चिंती. प्लाझ्मा काढताना पांढऱ्या पेशींच्या थराला अगदी लागेपर्यंत पिपेट नेऊ नका. एचआयव्हीचा डीएनए पेशींमध्ये दडलेला असतो आणि चार पेशी जरी आल्या तरी काही किटमध्ये लोड खोटा वाढतो. प्लाझ्मा दोन-तीन लहान ट्यूबमध्ये वाटून उणे ७० अंशांना ठेवा, म्हणजे पुन्हा तपासायची वेळ आली तर तीच ट्यूब परत परत वितळवावी लागणार नाही.

श्वसनाच्या विषाणूंसाठी नाकाच्या मागच्या भागातला स्वॅब, नायलॉन किंवा डॅक्रॉनचा, प्लास्टिकच्या काडीचा. कापूस आणि लाकडी काडीतल्या द्रव्यांनी पीसीआर अडते. २ ते ३ मिली व्हीटीएममध्ये (विषाणू सुरक्षित नेण्याच्या द्रावणात) घालून २ ते ८ अंशांना ठेवला तर ७२ तास चालतो.

फॉर्मवर वय, लक्षणं कधी सुरू झाली, कोणती औषधं चालू आहेत आणि अलीकडे रक्त चढवलं असेल तर त्याची तारीख, एवढं हवंच. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या रक्तात दात्याचे क्रोमोसोम दिसतात. ही एक ओळ लिहायची राहिली तर पुढचा सगळा रिपोर्ट दुसऱ्याच माणसाचा होतो.

कल्चर लावणं: ७२ तास

लॅमिनार हूडमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात), निर्जंतुक ट्यूबमध्ये ५ मिली माध्यम घ्या: आरपीएमआय-१६४०, त्यात १० ते २० टक्के फीटल बोव्हाइन सीरम, ग्लुटामिन आणि पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन. त्यात ०.५ मिली रक्त आणि ठरलेल्या मात्रेत पीएचए. हे पीएचए राजम्याच्या दाण्यातून काढलेलं प्रथिन आहे. रक्तातले टी-लिम्फोसाइट एरवी विभागत नाहीत, हे प्रथिन त्यांना जागं करतं. जुनं झालेलं किंवा वारंवार वितळवलेलं पीएचए हे कल्चर फसण्याचं सर्वांत नेहमीचं कारण आहे. म्हणून नवी बाटली आली की एकेका दिवसाला पुरेल इतके छोटे भाग करून गोठवा आणि नव्या लॉटची चाचणी एखाद्या निरोगी रक्तावर आधी करून पाहा.

प्रत्येक रुग्णाच्या दोन ट्यूब लावा. शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या इन्क्युबेटरमध्ये, कारण वीज गेली, तापमान चढलं तर एक तरी वाचते. ३७ अंशांना ७२ तास, ट्यूब थोडी तिरकी, रोज एकदा हलक्या हाताने हलवायची. माध्यम पिवळसर झालं तर पेशी वाढताहेत. पिवळं आणि गढूळ झालं तर जंतू वाढताहेत. ७२ तासांनी तसंच गुलाबी राहिलं तर फारशी आशा ठेवू नका.

वारही बघा. बुधवारी लावलेलं कल्चर शनिवारी निघतं, गुरुवारी लावलेलं रविवारी. सुट्टीच्या दिवशी हार्वेस्टला, म्हणजे वाढलेल्या पेशी काढायला, कोणी येणार नसेल तर गुरुवारी सॅम्पल घेताना हा विचार आधी झाला पाहिजे.

हार्वेस्ट

इथे हात आणि घड्याळ दोन्ही लागतात.

पहिलं, कोल्सेमिड. १० मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या द्रावणातून ५० मायक्रोलिटर ५ मिली कल्चरमध्ये घातलं की मात्रा ०.१ मायक्रोग्रॅम प्रति मिली होते. ३० ते ४५ मिनिटं, ३७ अंशांना. याचं काम म्हणजे विभागणीला आलेल्या पेशीला मधल्या टप्प्यावर, मेटाफेजला, अडवून धरणं. कोल्सेमिड ज्याच्यापासून बनवलं जातं ते कोल्चिसिन आपल्याकडच्या कळलावीच्या कंदातही असतं. त्या कंदाचं विष पेशींची विभागणी अशीच रोखतं. वेळ जास्त झाली तर क्रोमोसोम आखूड, जाड होतात आणि रंगवल्यावर ज्यांवरून क्रोमोसोम ओळखतात ते आडवे पट्टे एकमेकांत मिसळतात. कमी झाली तर मोजायला मेटाफेजच मिळत नाहीत.

दुसरं, १००० आरपीएमवर ८ ते १० मिनिटं फिरवा, वरचं पाणी काढून टाका आणि उरलेल्या थेंबभर द्रवात पेलेट (तळाशी बसलेला पेशींचा गोळा) बोटाने टॅप करून मोकळं करा.

तिसरं, हायपोटॉनिक, म्हणजे पेशीपेक्षा पातळ द्रावण. ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे १०० मिली पाण्यात ०.५६ ग्रॅम, ३७ अंशांना आधीच गरम केलेलं. ५ ते ८ मिली घाला आणि १५ ते २० मिनिटं ठेवा. पेशीत पाणी शिरतं, ती फुगते आणि आतले क्रोमोसोम सुटे होतात. या पायरीआधी माणसाचे क्रोमोसोम नीट मोजताच येत नव्हते. कित्येक वर्षं पुस्तकांत ४८ हा आकडा छापला जात होता आणि १९५६ साली चियो आणि लेवान यांनी तो ४६ असल्याचं दाखवलं. वेळ कमी पडली तर क्रोमोसोमचा गुच्छ राहतो. जास्त झाली तर पेशी आधीच फुटतात आणि मोजणीत एखाद-दुसरा क्रोमोसोम हरवतो. त्या वेळी रिपोर्टला ४५ लिहिण्याचा मोह होतो, तो आवरावा. दर पेशीत वेगळाच क्रोमोसोम हरवलेला दिसत असेल तर दोष हायपोटॉनिकचा आहे, रुग्णाचा नाही.

चौथं, फिक्सेटिव्ह, म्हणजे पेशी आहे तशी टिकवणारं द्रावण. तीन भाग मिथेनॉल, एक भाग ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड. ४० मिली हवं तर ३० आणि १०. त्याच दिवशी केलेलं आणि थंडगार हवं. काल केलेलं वापरू नका, दोन्ही एकमेकांशी प्रक्रिया करून बिघडतात. पहिलं १ मिली थेंब थेंब सोडा आणि दुसऱ्या हाताने ट्यूब हलवत राहा. एकदम ओतलं तर पेलेटचा चॉकलेटी चिकट गोळा होतो आणि तो पुढे कशानेच सुटत नाही. मग ५ ते ८ मिलीपर्यंत भरा, फिरवा, वरचं टाका, परत फिक्सेटिव्ह. असं तीन-चार वेळा. तपकिरी पेलेट दर फेरीत फिकट होत जाऊन शेवटी पांढरं स्वच्छ दिसलं पाहिजे. पिवळट राहिलं तर आणखी एक फेरी करा, कारण त्यात राहिलेली घाण पुढे पट्ट्यांवर धुक्यासारखी पसरते.

स्लाइड टाकणं आणि आपली हवा

थंड पाण्यात ठेवलेली स्वच्छ स्लाइड काढा, पाणी निथळू द्या आणि तिरकी धरून अर्ध्या-एक फुटावरून दोन-तीन थेंब सोडा. आता स्लाइडकडे बघत राहा. आधी पाण्याची कड मागे सरते, मग फिक्सेटिव्हचा थर पातळ होत जातो आणि क्षणभर त्यावर इंद्रधनुष्यासारखी रंगीत वर्तुळं उमटतात. मग पृष्ठभाग एकदम रवाळ, मंद दिसायला लागतो. नेमके त्या काही सेकंदांत क्रोमोसोम पसरतात.

म्हणजे पसरण्याचं सगळं गणित वाळण्याच्या वेगात आहे. सुमारे २५ अंश आणि ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता ही सोयीची हवा. जुलैत मुंबईला किंवा रत्नागिरीला हवा पाण्याने जड असते, स्लाइड सावकाश वाळते, क्रोमोसोम दूर दूर विखुरतात आणि शेजारच्या पेशीत मिसळतात. त्या दिवसांत ओल्याऐवजी कोरडी स्लाइड घ्या, थेंब कमी उंचीवरून सोडा आणि स्लाइड किंचित कोमट प्लेटवर ठेवा. एप्रिल-मेमध्ये अकोल्याला, चंद्रपूरला उलट घडतं. स्लाइड झटकन वाळते, क्रोमोसोम गुच्छात राहतात आणि भोवती सायटोप्लाझ्मची करडी कड दिसते. तेव्हा स्लाइड ओलीच घ्या, खाली भिजलेलं टिश्यू ठेवा, थेंब पडल्यावर हलकी वाफ द्या. एसी लावून खोली थंड केली म्हणजे झालं असं नाही. एसीने हवा कोरडीही होते. खोलीत ७००-८०० रुपयांचा आर्द्रतामापक लावून रोजचा आकडा वहीत लिहिला तर वर्षभरात आपल्या खोलीचा स्वभाव कळतो. महागड्या यंत्राआधी ही वही करावी, असं ठाम मत आहे.

प्रत्येक रुग्णाची एक स्लाइड आधी टाका, फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघा आणि ती पसंत पडली तरच बाकीच्या टाका.

स्लाइड रात्रभर ६० अंशांना, किंवा घाई असेल तर ९० अंशांना तासभर ठेवून पिकवा. न पिकवलेल्या स्लाइडवर ट्रिप्सिन, म्हणजे पट्टे उमटवण्यासाठी वापरायचं एन्झाइम, फार जोरात चालतं. ट्रिप्सिन ०.०२५ ते ०.०५ टक्के, १० ते ६० सेकंद, मग सीरम घातलेल्या सलाइनमध्ये बुडवून थांबवा. जिम्सा रंग ४ ते ५ टक्के, पीएच ६.८ च्या बफरमध्ये, ५ ते ८ मिनिटं. क्रोमोसोम एकसारखे गडद जांभळे, पट्टे नाहीत, तर ट्रिप्सिन कमी पडलं. फुगलेले, कडा फाटलेले, भुतासारखे फिकट, तर जास्त झालं.

मोजणी

२० मेटाफेज मोजा, त्यांतले किमान ५ पट्ट्यापट्ट्याने तपासा. २० पेशी सारख्या आल्या तर १४ टक्के किंवा त्याहून मोठी मोझॅक पेशीरेषा (वेगळ्या क्रोमोसोमच्या पेशींचा दुसरा गट) नाही असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. ३० मोजल्या तर ती मर्यादा १० टक्क्यांवर येते, ५० मोजल्या तर ६ टक्क्यांवर. म्हणून टर्नरसारखी लक्षणं असलेल्या मुलीत २० वर थांबू नका. वीस पेशींतल्या एकाच पेशीत वेगळं काही दिसलं तर मोजणी वाढवा आणि दुसऱ्या ट्यूबमध्येही तेच दिसतं का बघा.

डाउन सिंड्रोमचा रिपोर्ट लिहिताना तर फार जपायला हवं. सुमारे ९५ टक्के मुलांत सुटा जादा २१ असतो: ४७,एक्सएक्स,+२१ किंवा ४७,एक्सवाय,+२१. हा बहुतेक वेळा अपघाताने घडलेला असतो. पण ३-४ टक्क्यांत जादा २१ दुसऱ्या क्रोमोसोमला, बऱ्याचदा १४ ला, चिकटलेला असतो आणि मोजणी ४६ च येते: ४६,एक्सवाय,डीईआर(१४;२१)(क्यू१०;क्यू१०),+२१. नुसते आकडे मोजणारा इथे फसतो. या कुटुंबात आई-वडील दोघांचेही कॅरिओटाइप करायलाच हवेत. आई वाहक असेल तर पुढच्या गरोदरपणात डाउनची शक्यता १० ते १५ टक्के, वडील वाहक असतील तर सुमारे १ टक्का किंवा कमी, आणि कोणा एकाचे दोन्ही २१ एकमेकांना चिकटलेले असतील तर जिवंत जन्मणारं प्रत्येक बाळ डाउनचंच. चेहरा पाहून ‘डाउनच आहे, तपासणी कशाला’ असं म्हणून सोडून दिलेल्या बाळाच्या आई-वडिलांना हे कधीच कळत नाही.

९ व्या क्रोमोसोमवरचा इन्व्हर्शन (उलटा बसलेला तुकडा), इन्व्ह(९), हा सर्वसामान्य लोकांतही आढळणारा निरुपद्रवी फरक आहे. रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहा, नाहीतर ते जोडपं त्याच एका ओळीपायी दवाखाने फिरत बसतं.

विषाणूची पीसीआर: घाण बाहेर ठेवण्याची कला

पीसीआरचं रसायन आता किटमध्ये तयार मिळतं. चुकतं ते काम करण्याच्या दिशेत. चाळीस चक्रांनंतर एका छोट्या ट्यूबमध्ये एका तुकड्याच्या अब्जावधी प्रती असतात. ती ट्यूब एकदा जरी उघडली तरी त्याचा सूक्ष्म फवारा खोलीत पसरतो आणि पुढे आठवडाभर प्रत्येक निगेटिव्ह पॉझिटिव्ह येत राहतो. म्हणून चार जागा: मास्टर मिक्सची (पीसीआरची रसायनं एकत्र करण्याची), एक्स्ट्रॅक्शनची, नमुना घालण्याची आणि मशीनची. माणूस आणि सामान याच क्रमाने पुढे जातं, उलटं कधी नाही. मशीनच्या खोलीतला कोट, पेन, फोन मास्टर मिक्सच्या खोलीत येत नाही. जागा नसेल तर निदान वेगळे हूड, वेगळी पिपेट आणि वेगळ्या रंगाचे कोट ठेवा. रन संपलेली प्लेट न उघडता झिपच्या पिशवीत बंद करून टाका.

टेबल रोज ताज्या १ टक्का हायपोक्लोराइटने पुसा, १० मिनिटं राहू द्या, मग ७० टक्के अल्कोहोलने. बाजारातलं ५ टक्क्यांचं असेल तर एक भाग त्यात चार भाग पाणी. एक गोष्ट जिवाशी बेतणारी आहे: एक्स्ट्रॅक्शनच्या लायसिस बफरमध्ये ग्वानिडीन असतं. ते सांडलं तर त्यावर हायपोक्लोराइट ओतायचं नाही, विषारी वायू सुटतो. आधी साबणपाण्याने पुसून काढा. किटच्या कचऱ्याच्या बाटलीतही हायपोक्लोराइट घालू नका.

एक्स्ट्रॅक्शन असं. २०० मायक्रोलिटर नमुना, लायसिस बफर, प्रोटिनेज के आणि इथेच इंटर्नल कंट्रोल (तपासणी नीट चालली हे कळावं म्हणून प्रत्येक नमुन्यात घातलेला ओळखीचा धागा). किटने सांगितलेला वेळ ठेवा, इथेनॉल घाला, कॉलममधून गाळा, दोनदा धुवा. त्यानंतर रिकामा कॉलम पूर्ण वेगाने एकदा फिरवायचा, ही पायरी घाईत गाळली जाते. राहिलेलं इथेनॉल शेवटच्या द्रावणात उतरतं आणि पीसीआर अडवतं. ५० ते ६० मायक्रोलिटर इल्यूशन बफर कॉलमच्या मधोमध सोडा, एक मिनिट थांबा, फिरवा. आरएनए असेल तर लगेच बर्फावर.

मास्टर मिक्सचा हिशेब: ३० रुग्ण आणि ३ कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेले नमुने), म्हणजे ३३. त्यात दहा टक्के जास्त धरून ३६. प्रत्येकी २० मायक्रोलिटरप्रमाणे ७२० मायक्रोलिटर बनवा, वाटा आणि ५ मायक्रोलिटर आरएनए घाला. आधी रुग्ण, मग निगेटिव्ह कंट्रोल आणि सर्वांत शेवटी पॉझिटिव्ह कंट्रोल. नेहमीचा कार्यक्रम साधारण असा: ५० अंशांना १५ मिनिटं, ९५ अंशांना २ मिनिटं, मग ९५ अंश १५ सेकंद आणि ६० अंश ३० ते ६० सेकंद, अशी ४० ते ४५ चक्रं. किटचा कागद वेगळं सांगत असेल तर किटचंच ऐका.

वाचताना आधी कंट्रोल बघा, रुग्ण नंतर. निगेटिव्ह कंट्रोल उठला, म्हणजे त्यातही विषाणू दिसला, तर रन रद्द. एका रुग्णाचा तेवढा रिपोर्ट देऊन टाकू, असं चालत नाही. रुग्ण निगेटिव्ह आणि त्याचा इंटर्नल कंट्रोलही आलेला नाही, तर त्याला निगेटिव्ह म्हणायचं नाही. आरएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा किंवा एक्स्ट्रॅक्शन परत करा. विषाणू भरपूर असताना मात्र इंटर्नल कंट्रोल दबून जातो, तो रिपोर्ट ग्राह्य धरतात. आलेख नागमोडी एसच्या आकाराचा हवा. सरळ तिरकी रेघ वर चढत गेली असेल तर मशीनने कितीही आकडा दिला तरी तो खरा धरू नका.

सीटी म्हणजे कितव्या चक्राला विषाणू दिसला तो आकडा. सीटीचा फरक ३.३ म्हणजे विषाणू दहापट कमी किंवा जास्त. पण एका प्रयोगशाळेचा सीटी दुसरीच्या सीटीशी ताडून बघू नका. स्वॅब कसा घेतला, किट कोणतं, यावर तो हलतो. तुलना करायची तर व्हायरल लोडची, आणि तीही लॉगमध्ये (एक लॉग म्हणजे दहापट). ०.५ लॉगपर्यंतचा, म्हणजे सुमारे तिपटीचा फरक तपासणीच्या चुकीच्या मर्यादेत बसतो. एचआयव्हीचा लोड १२०० वरून २५०० झाला तर आकडा दुप्पट दिसतो, पण फरक ०.३२ लॉगचाच आहे. एवढ्यावर औषध बदलायचं नसतं. रुग्णाला औषधं नियमित घेतो का हे आस्थेने विचारा आणि ठरलेल्या वेळी पुन्हा तपासा.

विषाणू बदलतात, आणि प्रायमर (विषाणूचा ठरलेला भाग ओळखणारा छोटा धागा) बसतो त्याच जागी बदल झाला तर तपासणी आंधळी होते. करोनाच्या अल्फा आणि ओमिक्रॉन प्रकारांत काही किटमधलं एस जनुक असंच दिसेनासं झालं होतं. इतर दोन जनुकं तपासली जात होती म्हणून रुग्ण सापडले. एकाच जनुकावर चालणारं किट घेताना हे लक्षात ठेवा.

गर्भजल: एका सिरिंजमध्ये दोन्ही तपासण्या

गर्भजलात जिवंत पेशीही हव्या असतात आणि विषाणूचा शाबूत रेणूही. २०२१ च्या जुलैत पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात झिकाचा महाराष्ट्रातला पहिला रुग्ण सापडला, तेव्हापासून गरोदर बाईच्या तापाकडे आपल्याकडेही वेगळ्या नजरेने बघावं लागतं. झिकासाठी आईच्या रक्तासोबत लघवीही पाठवा, रक्तातला विषाणू गेल्यावरही लघवीत तो काही दिवस सापडतो.

क्रोमोसोमसाठी गर्भजल १६ ते २० आठवड्यांत, सोनोग्राफीखाली, १५ ते २० मिली काढतात. सायटोमेगॅलोव्हायरससाठी मात्र २१ आठवडे उलटलेले आणि आईच्या संसर्गाला किमान ६ ते ८ आठवडे झालेले हवेत. गर्भाच्या मूत्रपिंडातून विषाणू गर्भजलात उतरायला तेवढा काळ लागतो, आणि त्याआधी केलेल्या पीसीआरचा निगेटिव्ह फसवा असतो.

पहिले १-२ मिली वेगळ्या सिरिंजमध्ये काढून टाका. आईच्या पेशी सुईबरोबर तिथेच येतात. सिरिंज बदला. कल्चरचा भाग दोन निर्जंतुक ट्यूबमध्ये, साध्या तापमानाला. पीसीआरसाठी २-३ मिली तिसऱ्या ट्यूबमध्ये, २ ते ८ अंशांना. सोबत आईचं २ मिली रक्त जांभळ्या बल्बमध्ये, म्हणजे तपासलेला डीएनए बाळाचाच आहे, आईचा मिसळलेला नाही, हे पडताळता येतं. द्रव लाल असेल तर ही पडताळणी टाळू नका. तपकिरी असेल तर आत जुना रक्तस्राव आहे आणि कल्चर रखडू शकतं, हे घरच्यांना आधीच सांगा.

कल्चरला १० ते १४ दिवस लागतात. वीसाव्या आठवड्यात घेतलेल्या गर्भजलाचा रिपोर्ट बाविसाव्यात येतो, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने आखलेली २४ आठवड्यांची रेघ तोवर जवळ आलेली असते. त्यापुढे गंभीर व्यंग असेल तरच, वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने. म्हणून उशिरा आलेल्या बाईच्या सॅम्पलवर न वाढवलेल्या पेशींत फिश (चमकत्या खुणांनी ठरावीक क्रोमोसोम मोजण्याची तपासणी) किंवा क्यूएफ-पीसीआर (तेच पीसीआरने मोजणारी) त्याच दिवशी लावा. १३, १८, २१ आणि लिंग क्रोमोसोमची संख्या एक-दोन दिवसांत कळते, आणि कल्चर मागाहून पूर्ण कॅरिओटाइप देतं. आईच्या रक्तातल्या गर्भाच्या डीएनएवरून होणारी एनआयपीटी ही नुसती चाळणी आहे. ती पॉझिटिव्ह आली तरी गर्भजलाने खात्री केल्याशिवाय पुढचा निर्णय घेऊ नये.

सुई टोचण्याआधी ‘फॉर्म जी’ हे संमतीपत्र बाईला समजेल अशा भाषेत वाचून दाखवा, सही घ्या आणि त्याची प्रत तिच्या हातात द्या. गर्भलिंग तपासणीवर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ सालीच केला, देशाचा १९९४ मध्ये आला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. प्रयोगशाळेची नोंदणी हवी, नोंदी दोन वर्षं जपायच्या. कॅरिओटाइपवर लिंग डोळ्यांसमोर दिसत असतं, म्हणून जबाबदारी मोठी आहे. गर्भाच्या नॉर्मल रिपोर्टमध्ये एक्सएक्स किंवा एक्सवाय लिहू नका, क्रोमोसोमची छापील प्रतिमा जोडू नका, फोनवर ‘बाळ चांगलं आहे’ सांगतानाही ‘तो’ किंवा ‘ती’ तोंडून जाऊ देऊ नका.

रिपोर्ट गेल्यावर उरलेलं पेलेट ताज्या फिक्सेटिव्हमध्ये, झाकण घट्ट लावून, नाव-तारीख-नोंदणी क्रमांक पेन्सिलने लिहून उणे २० अंशांना ठेवा. सहा महिन्यांनी डॉक्टरांचा फोन आला की एखाद्या तुकड्यावर फिश करायचं आहे, तर त्या बाईला पुन्हा सुई टोचावी लागणार नाही.